मामाजी आणि न दिसणारा जाळ

माझ्या मामेसासऱ्यांच्या मते या जगात निर्जीव असं काहीही नव्हतं. हे मत पुष्कळ साधुसंतांचंही असेल, पण साधुसंत त्यावर प्रवचन करून मोकळे होतात. आमचे मामाजी त्यावर संसार चालवत. अड्याळच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की त्यांचं गाव. तिथं धानाची शेती, बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या काठी घर, पुढे सपरी म्हणजे ओसरी, मागे सांदवाडी म्हणजे परसू, आणि या साऱ्यात मामाजी आणि मामीजी असे दोघंच. मूलबाळ नव्हतं. घर मात्र कधी रिकामं वाटलं नाही, कारण तिथल्या प्रत्येक वस्तूची तब्येत, राग, रुसवा आणि वय मामाजींना ठाऊक असे. दोन दिवस त्यांच्याकडे राहिलं की आपणही पाट सरकवताना "जरा सरकतो हं" असं मनात म्हणायला लागायचो. मी हिशेबी बाई. मला कामं ठरवून, एकामागून एक उरकायला आवडतात. तरीसुद्धा त्या घरात दिवेलागणीला एकटीनं माजघरात जाताना मी उगाचच खाकरत असे.

नवी वस्तू घरात आली की तिला आधी घर दाखवायचं, हा मामाजींचा पहिला नियम. "नाई तं ते बावरते, सूनबाई. बावरलेल्या वस्तूचं काई खरं नसते." लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी मला स्वतः बरोबर घेऊन गुरांचा कोठा दाखवला, विहीर दाखवली, धानाची कोठी दाखवली, सांदवाडीचं कुंपण दाखवलं आणि "हे आता तुह्यं" असं म्हणाले. मला फार भरून आलं. पुढे कळलं की त्याआधी आणलेल्या ट्रान्झिस्टरलाही त्यांनी हीच फेरी याच क्रमानं घडवली होती, फक्त विहिरीपाशी त्याला थोडं मागे धरलं होतं. मग तो ट्रान्झिस्टर काही दिवस कोनाड्यात मुका बसला. गावातली माणसं बातम्या ऐकायला येत आणि त्याचं नुसतं दर्शन घेऊन परत जात. "अजून त्याले आपली बोली समजून नाई राहिली," मामाजी सांगत. शेवटी त्यांनी खुंटी पिळली, तेव्हा आधी नुसती खरखर आली. मामाजी त्याच्यावर वाकून हळूच म्हणाले, "घाई नोको करू बापा. सावकाश बोल."

छत्रीचं तसंच, चपलांचं तसंच. एस.टी.त चढण्याआधी ते गाडीच्या तोंडासमोर उभं राहून तिच्याकडे नीट पाहून घेत. कंडक्टर घंटी वाजवून थकायचा. एकदा भाच्यानं म्हणजे माझ्या यजमानांनी त्यांना मनगटी घड्याळ दिलं. ते त्यांनी भिंतीवरच्या जुन्या घड्याळाच्या शेजारी खिळ्याला टांगून ठेवलं, "थोडं शिकू दे" म्हणून. भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास मागे चालायचं. काही दिवसांनी नवंही नेमकं तेवढंच मागे पडलं. भंडाऱ्याच्या घड्याळजीनं ते उघडून पाहिलं, पुसलं, पुन्हा बसवलं आणि कारण सापडत नाही म्हणून मजुरीही घेतली नाही. आणखी एक सांगते. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या बाजारात मी त्यांना घेऊन गुंड म्हणजे पाण्याची घागर विकत घ्यायला गेले होते. मामाजींनी प्रत्येक गुंडावर टिचकी मारली, कान लावला आणि मला पसंत पडलेला गुंड दुकानदाराकडे परत सरकवून म्हणाले, "याच्यात कोनीतरी बसून हाये." दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी हट्टानं तोच घेतला. अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. संध्याकाळी त्यातलं पाणी अर्ध्यावर आलं की कुणी हात न लावता तो एकदा हुंकारतो. धातू निवतो, असं मी स्वतःला सांगते. भर वैशाखातही तेच सांगते.

मामीजी या सगळ्याला "याहीचे खेळ" म्हणत आणि खोकत. खोकला हीच त्यांची हजेरी होती. घरात त्या कुठे आहेत हे विचारावं लागत नसे. चुलीपाशी खोकला दाटून यायचा, अंगणात थोडा मोकळा व्हायचा आणि कोठ्यात शेणाच्या वासात विरायचा. जन्मभर ओल्या लाकडांवर आणि गोवऱ्यांवर त्यांनी रांधलं होतं. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. फुंकणीनं चूल फुंकता फुंकता त्यांच्या छातीचाच भाता झाला. त्या वर्षी थंडीत त्यांना श्वास घेता येईना, तेव्हा आमच्याकडे भंडाऱ्याला आणून दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी मामाजींना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "औषधानं आत्ता उतार पडेल. पण ही बाई पुन्हा धुरात बसली, तर पुढच्या थंडीची खात्री मी देत नाही." खाटेपाशी येऊन मामाजींनी मामीजींच्या छातीला कान लावला. अगदी गुंडाला लावत तसाच. बराच वेळ ऐकलं. काय ऐकू आलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

आणि मग छत्री उघडायला पंधरवडा घेणाऱ्या या माणसानं एका सकाळी उठून ठरवून टाकलं की घरी गोबरगॅस बसवायचा. सिलिंडरचा गॅस तेव्हा भंडाऱ्यातच नंबर लावून मिळत नव्हता, तर खेड्यात कुठून मिळणार? पण सरकारी योजनेत गोबरगॅस निघाला होता. जमिनीत विहिरीसारखा बांधलेला खड्डा, त्यात शेण आणि पाणी कालवून ओतायचं, वर लोखंडाची मोठी टाकी पालथी घालायची. आत गॅस तयार झाला की टाकी आपोआप वर उचलली जाते आणि नळीनं गॅस चुलीपर्यंत येतो. मामीजी दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा सांदवाडीत खड्डा खणून, बांधून तयार होता. त्या अशक्त होत्या, म्हणून "तुला कामं लावता येतात" असं म्हणून घरच्यांनी मला काही दिवस तिकडे पाठवलं. संक्रांत नुकतीच झाली होती.

टाकी लाखनीहून ट्रकनं फाट्यापर्यंत आली आणि तिथून बैलगाडीनं. आता एवढी मोठी टाकी घरभर फिरवून दाखवणार कशी? मामाजींनी गाडीच फिरवली. घराला एक प्रदक्षिणा, मग बोडीच्या पाळीवरून, मग धानाच्या बांधाबांधानं. मागे अर्धं गाव. टाकीच्या माथ्याला नळीसाठी भोक होतं आणि त्यावरून वारा गेला की आतून लांबलचक "हंऽऽ" असा आवाज यायचा. बैल कान टवकारून थांबले. एक म्हातारी पदर तोंडाशी धरून म्हणाली, "बापा, हे तं बोलून राहिली!" "नवी हाये," मामाजी म्हणाले, "गाव इचारून राहिली." आणि त्यांनी गाडीवर चढून त्या भोकात तोंड घालून गावाचं नाव सांगितलं. टाकीनं ते नाव जाड आवाजात परत उच्चारलं. मागून चालणारी माणसं जरा अंतर ठेवून चालू लागली. खरं सांगायचं तर मीसुद्धा.

खड्डा शेणकाल्यानं भरला आणि टाकी त्यावर पालथी बसली. योजनेच्या ऑफिसातून आलेल्या सुपरवायझरनं मामाजींना सगळं समजावलं. तरुण पोरगा होता, पण बोलायला नीट. शेण आणि पाणी सारखं टाका, टाकी रोज हातानं गोल फिरवा म्हणजे वर साय धरणार नाही. थंडी आहे, तर टाकीला ऊब राहू द्या, भोवती धानाचं तणस लावा. टाकी उचलली की पहिला गॅस नुसता सोडून द्या, त्यात हवा मिसळलेली असते. मग मी येईन आणि आत चुलीवर पेटवून देईन. तोपर्यंत टाकीजवळ काडी नाही, बिडी नाही, कंदील नाही. मामाजींनी प्रत्येक गोष्टीला मान डोलावली आणि प्रत्येक गोष्ट शब्दशः पाळली. घोटाळा झाला तो एवढ्याचसाठी.

कारण त्या टाकीला त्यांनी पोटुशी बाई ठरवलं. ते सकाळी तिला हातानं गोल फिरवत आणि फिरवताना काहीबाही सांगत. पीक कसं आहे, कोणाची गाय व्याली, मामीजी रात्री किती वेळा उठल्या. आतून गुडगुड आवाज येई. मामाजी थांबून ऐकत, "हं, हं" करत आणि पुढे बोलत. एकदा सकाळच्या धुक्यात मी मागे गेले, तर मामाजी दिसेनात. नुसती टाकी सावकाश फिरत होती आणि कुणीतरी कुणाला तरी माझ्याविषयी सांगत होतं, "सूनबाई मनानं चांगली हाये. फक्त बोलते लय झपझप." मामाजी पलीकडून वाकले होते, एवढंच. पण मी त्या दिवशी बोलणं जरा आवरलं.

एका सकाळी टाकी वीतभर वर आलेली दिसली. कुणी उचलली नाही, कुणी ढकलली नाही. एवढं लोखंड आपलं आपण वर आलं होतं आणि कडेनं बुडबुडे फुटत होते. मामाजी धावत आत आले. "झाली! मोकळी झाली!"

"कोन जी?" मामीजींनी अंथरुणातून विचारलं.

"टाकी. बाळंत झाली."

"अन् लेकरू?"

"लेकरू आत हाये."

"बाळंत झाली अन् लेकरू आत? कोन्या गावची पद्धत हे?"

"हे इंजिनिअरिंग हाये. तुले नाई समजत," मामाजी म्हणाले आणि विळा शोधायला गेले.

बाळंतिणीच्या खोलीत जे जे करतात ते ते त्यांनी टाकीला केलं. उशाशी लोखंड हवं म्हणून माथ्यावर विळा ठेवला. कडुलिंबाचे डहाळे बांधले. परक्याची नजर नको म्हणून सांदवाडीचं फाटक लावून घेतलं आणि पाहायला आलेल्यांना "पाचवी झाल्यावर या" असं सांगून परत पाठवलं. सुपरवायझरनं सांगितल्याप्रमाणे पहिला गॅस सोडून दिला. पण नंतर नळीची तोटी पूर्ण बंद करणं त्यांच्या जिवावर आलं. बाळंतिणीचा श्वास कोंडू नये म्हणून ती त्यांनी किंचित उघडी ठेवली. आणि रोज दुपारी, मी मामीजींना औषध देऊन जरा टेकले की, ते एक शेगडी भरून तोटीखाली नेऊन ठेवत. निखारे राखेखाली झाकलेले, वर चिमूटभर ओवा. बाळंतिणीला शेक नको का? काडी नाही, बिडी नाही, कंदील नाही. शेगडीचं नाव सुपरवायझरनं घेतलंच नव्हतं. आणि राखेखालचा निखारा म्हणजे कुठे आग असते? ती ऊब.

त्या दुपारी ऊन स्वच्छ होतं. मामीजींना थोडं बरं वाटत होतं म्हणून त्या सपरीत बसल्या होत्या. मी मागच्या दारात तांदूळ निवडत होते. सांदवाडीत दोरीवर मामीजींचं हिरवं लुगडं वाळत होतं. कोंबड्या कुठेतरी निघून गेल्या होत्या आणि एरवी कलकल करणाऱ्या सातभाया पक्ष्यांचाही आवाज नव्हता. आधी मला एवढंच जाणवलं की फार शांत आहे. मग दिसलं की टाकीमागची भिंत हलते आहे. बोडीच्या तळाशी पडलेला दगड पाण्यातून हलतो तशी ती भिंत हलत होती. पेरूच्या खालच्या फांदीची पानं एकेक करून आतल्या बाजूला वळत होती, जणू कुणीतरी मुठी मिटत होतं. वारा नव्हता. आणि मग लुगड्याचा खालचा काठ दिसेनासा व्हायला लागला. जाळ नाही, धूर नाही, काही नाही. नुसती एक काळी रेघ खालून वर चढत होती आणि रेघेखाली लुगडं नव्हतं. टाकी सावकाश, एक लांब उसासा टाकत खाली बसत होती.

मी पाहत राहिले. माझ्यासारख्या बाईला काय करावं हे नेहमी सुचतं. तेव्हा सुचलं नाही, कारण करायचं कशाविरुद्ध हेच दिसत नव्हतं. तेवढ्यात मामीजी घराला वळसा घालून मागे आल्या. त्यांचं लुगड्याकडे लक्ष गेलं. "कोन ओढून राहिलं वो माहं लुगडं?" असं म्हणत त्या सरळ टाकीकडे निघाल्या, हात पुढे करून. मी ओरडले. नेमकी त्यांना खोकल्याची उबळ आली आणि माझं ओरडणं त्यांच्या कानावर गेलं नाही. दोन पावलांवर ती हलणारी हवा होती.

मामाजींना मी त्या दिवसापूर्वी कधी धावताना पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही. ते कोठ्यातून आले. त्यांनी मामीजींना खांद्यानं ढकललं. त्या भाजीच्या वाफ्यात बसल्या. पाण्याच्या डोणीत पडलेलं भिजकं पोतं त्यांनी उचललं, हाताला गुंडाळलं आणि त्या रिकाम्या हवेत हात घालून तोटी बंद केली. पोतं चरचरलं. आम्हाला त्या जागी तेव्हाही काही दिसलं नाही. फक्त भिंत हलायची थांबली.

तळवा चांगलाच पोळला होता. मी तो रांजणातल्या गार पाण्यात धरून ठेवला. मामाजी टाकीकडे बघून म्हणाले, "तिचा नाई दोष. मीच तिले शेक देत होतो." मी शेगडी आणि राख सरकून उघडा पडलेला निखारा पाहिला तेव्हा मला सारा प्रकार उमगला. हा गॅस उन्हात जळताना दिसत नाही, हे सुपरवायझरनं दुसऱ्या दिवशी येऊन समजावलं. शेगडी पाहून त्यानं कपाळाला हात लावला. "काका, शेगडी कायले?" "ओव्याची होती," मामाजी म्हणाले.

पण समजावून उपयोग नव्हता. आदल्या संध्याकाळीच बातमी बोडीच्या पलीकडच्या टोल्यावर म्हणजे वस्तीवर गेली होती. सांदवाडीत न दिसणारा जाळ आहे, तो बाईमाणसाचं लुगडं धरतो. कुणी खड्डा बुजवा म्हणालं, कुणी नारळ सांगितला. सुपरवायझरनं रीतसर स्वयंपाकघरात गॅस पेटवून दाखवला. तिथल्या अंधारात तो दिसला. निळा, बुटका, जिभा नसलेला, आवाज न करणारा. मामीजींनी दारातूनच पाहिलं. "हे आग नोहे," त्या म्हणाल्या. "आगीले लाकूड लागते, राख लागते. हे कायले जाळून राहिली ते दिसत नाई. मी नाई रांधत याच्यावर." आणि भिंतीला धरत धरत त्या चुलीपाशी गेल्या, फुंकणी उचलली आणि फुंकली. धूर दाटला. खोकला असा आला की त्या तिथेच कलंडल्या. मी त्यांना बाहेर आणलं. ओठ निळे झाले होते. डॉक्टरांचे शब्द मला ठाऊक होते, मामाजींनाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मामीजी पुन्हा चुलीशी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. धुरानं मेले तर माणसासारखी मरेन.

मी बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, चुलीवर पाणी ओतीन म्हणून धमकी दिली. "ओत," मामीजी म्हणाल्या, "तू भंडाऱ्याले गेली का मी पुन्हा पेटवीन." मामाजी दोन दिवस सपरीत बसून होते. बांधलेला हात मांडीवर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला ते उठले. आत जाऊन त्यांनी गॅस पेटवला. मग मामीजींना हाताला धरून आणलं आणि पाटावर, पण दूर, बसवलं.

"कायले जी?" मामीजी म्हणाल्या.

"तुही दृष्ट काढतो. परवाच्यानं तुले नजर लागली असन."

दृष्टीला मामीजी नाही म्हणू शकत नव्हत्या. त्यांनी डोळे मिटले. मामाजींनी डाव्या मुठीत मीठ-मोहऱ्या घेतल्या, मामीजींवरून उतरवल्या, पुटपुटले आणि रीतीप्रमाणे आगीत टाकल्या. म्हणजे त्या निळ्या जाळावर. मोहऱ्या तडतडल्या. आणि मीठ पडताच तो जाळ पिवळा झाला. एकदम उठून उभा राहिला, नारिंगी, थरथरता, अगदी चुलीतल्यासारखा. भिंतीवर आम्हा तिघांच्या सावल्या मोठ्या झाल्या. मामीजींनी डोळे उघडले.

"दिसली का आता आग?"

"दिसली," मामीजी हळूच म्हणाल्या. जाळ पुन्हा निळा होत होता. "गेली जी."

मामाजींनी आणखी चिमूट टाकली. ती पुन्हा आली. मामीजी पाटावरून थोड्या पुढे सरकल्या. मग त्यांनी स्वतःच्या हातानं मीठ घेतलं. कितीतरी वेळ त्या तिला बोलावत होत्या आणि ती येत होती. मी अगदी शाळेत शिकलेलं आठवून, मिठामुळे ज्योतीला रंग येतो असं सांगणार होते. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी सांगितलं नाही. त्या रात्री मामीजींनी गॅसवर भात केला. पहिलं शीत त्यांनी जाळाला दिलं. पुढे रोज गॅस पेटवल्यावर आधी चिमूटभर मीठ टाकून, ती आहे याची खात्री करूनच त्या भांडं चढवत. त्यामुळे बर्नर वर्षभरात गंजून जाई आणि भंडाऱ्याहून त्यांच्याकडे निघताना नवा बर्नर हे माझं ठरलेलं सामान झालं. दुकानदार विचारायचा, "ताई, इतके बर्नर कसे हो लागतात तुम्हाला?" मी म्हणायचे, "जुनं घर आहे."

पुढची थंडी आली आणि गेली. मामीजींचा खोकला हळूहळू उतरत गेला आणि एका पावसाळ्यात नाहीसाच झाला. डॉक्टरांनी छाती तपासून मामाजींची पाठ थोपटली. आम्ही सगळे आनंदात. पण मामाजींचं काहीतरी बिनसलं. दुपारी ते सपरीत आडवे होत आणि लगेच उठून बसत. जन्मभर त्या खोकल्यावरून त्यांना बायको कुठे आहे ते कळत आलं होतं. आता आत धूर नाही, फुंकणी नाही, खोकला नाही. स्वयंपाकघरातून नुसती शांतता येई. ते हाक मारत, "अवो, हायेस का?" आतून मामीजी ओरडत, "हाये!" मामाजी आडवे होत. जरा वेळानं पुन्हा, "हायेस का वो?" "हाये म्हनलं न! कुठं जातो मी?" दिवसभर हे चाले. शेजारचे हसत. मामीजी माझ्यापाशी तक्रार करत, "खोकला परवडला, सूनबाई. हे मानूस मले मरू बी देनार नाई." पण एखादे दिवशी हाक यायला वेळ झाला, की त्या हातातलं काम थांबवून दाराकडे पाहत हे मी पाहिलं आहे.

काही वर्षांनी मामाजी गेले. एका दुपारी सपरीतच झोपले, ते उठले नाहीत. त्या दुपारी मामीजींनी किती वेळ हाकेची वाट पाहिली ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दिवस झाल्यावर चार दिवस मी तिथं राहिले. आवराआवर पुष्कळ होती. मी पोळ्या लाटत होते, मामीजी गॅसपाशी बसून भाजत होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. मध्येच त्या मान न वळवता म्हणाल्या, "हाये." मी थांबले. त्यांनी पोळी उलटली. थोड्या वेळानं जरा चिडून, "हाये म्हनलं न, जी!" त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. मी पुढची पोळी लाटायला घेतली.

मग मामीजी हात पुसून विहिरीवर गेल्या. मी गॅसपाशी सरकले. तवा तापलेला होता, खाली जाळ निळा आणि गप्प. बाहेर सपरीत ऊन होतं. रहाटाचा आवाज अजून आला नव्हता. मी पोळी टाकली, कडेनं दाबली. शांतता जरा लांबली. आणि मग मी, सपरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "विहिरीवर गेल्या आहेत, मामाजी. येतील आत्ता."